लावणीला अनुदान, राखणीला नाही

शेतीच्या अनुदानाचा विषय ठाण्यात, डोंबिवलीत किंवा कल्याणमध्ये कोणत्याही दिवाणखान्यात निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले तिरसट: आम्ही कर भरायचा आणि सरकारने तो शेतकऱ्यांना वाटून टाकायचा. दुसरे कनवाळू: निसर्ग वाचवायचा तर शेतकऱ्याला आणखी मदत करा, झाडांना, बांधांना, शेततळ्यांना पैसे द्या, डोंगर हिरवे राहतील. ही मते वरवर विरुद्ध टोकांची वाटतात. प्रत्यक्षात दोघांचा पाया एकच आहे. शहराचा पैसा गावाकडे मदत म्हणून जातो, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. एकाला ती मदत खुपते, दुसऱ्याला तोकडी वाटते, एवढाच फरक.

हा पायाच कच्चा आहे. शहापूर, मुरबाड, अंबरनाथ आणि कल्याण तालुक्याच्या ग्रामीण पट्ट्यात जो माणूस भाताचे खाचर बांधून ठेवतो, उतारावरची माती धरून ठेवतो, तो खालच्या शहरांना रोजची एक सेवा पुरवत असतो. तिचे बिल कधी निघत नाही. सरकार त्याला अधूनमधून पैसे देते, पण ते रोप लावण्याचे, खड्डा खोदण्याचे, वस्तू विकत घेण्याचे. शिवाय ते बहुतेकदा सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतात, राबणाऱ्या हाताला मिळतीलच असे नाही. या लेखाचा दावा असा: संवर्धनासाठी जमीनधारकाला पैसे द्यायचे असतील, तर ते राखणीचे, दरवर्षीचे आणि मुदतीच्या कराराने बांधलेले असावेत, ते प्रत्यक्ष राखणाऱ्याच्या हातात पडावेत, आणि ज्यांना पाणी मिळते त्या शहरांच्या पाणीपट्टीतून ते यावेत. यातली एक अट गळली तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात. हे टप्प्याटप्प्याने पाहता येईल.

१. खाचर शहरासाठी काय करते

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. पश्चिमेला ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ही नागरी गर्दी. पूर्वेला सह्याद्रीला टेकलेले मुरबाड आणि शहापूर. पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे येते. तानसा तलाव १८९२ सालचा, शहापूर तालुक्यातला. भातसा धरणही तिथलेच. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. त्यातले सुमारे ७ लाख १७ हजार, म्हणजे जवळपास निम्मे, एकट्या भातशाचे. भातशाचेच पाणी पिसे येथून ठाणे महापालिकाही उचलते. कल्याण-डोंबिवलीची तहान उल्हास नदीवर भागते, आणि त्या नदीला उन्हाळ्यात एमआयडीसीच्या बारवी धरणाचा आधार असतो.

धरणांची नावे शहरवासीयांना पाठ असतात. पाणी धरणात पोहोचण्याआधी कुठून जाते याची मात्र फारशी विचारपूस होत नाही. एक हेक्टर भातखाचरात दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते दहा लाख लिटर होते. हजार हेक्टरांत शंभर कोटी लिटर. हे पाणी बांधाने अडते, काही जमिनीत मुरते, उरलेले हळूहळू ओहोळाला लागते. पहिल्या पावसात वलगणीचे मासे याच ओहोळांतून उलटे चढून खाचरांत येतात. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी घेतली जाते, काही ठिकाणी नुसते गवत राखले जाते. त्या उताराची माती सुटली की ती नदीतून थेट धरणाच्या पोटात जाऊन बसते.

पुराशीही याचा संबंध आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात बदलापूर, उल्हासनगर, कल्याणचे सखल भाग बुडाले. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी पसरून बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. असे महापूर खाचरे थोपवू शकतात, असा दावा करणे खोटेपणाचे होईल. बांध काठोकाठ भरल्यावर खाचरही पाणी सोडतेच. पण दरवर्षी येणारा मध्यम पाऊस खाचर काही तास धरून ठेवते, तर त्याच जागेवरचे काँक्रीट तो काही मिनिटांत गटारात ढकलते. जपानमध्ये या गुणाचा हिशेब मांडून उपयोग केला जातो. निगाता प्रांतात २००२ पासून शेतकरी खाचरांच्या मोरीचे तोंड अरुंद करून पावसाचा लोंढा लांबवतात. तिथे त्याला ‘भातखाचर-धरण’ म्हणतात.

२. सरकार आज कशाचे पैसे मोजते

खासगी शेतजमिनीवर सरकारी खर्चाने संवर्धन करण्याची पद्धत महाराष्ट्रात नवी नाही. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याखाली सरकारने शेतांत समपातळी बांध घातले आणि खर्चाचा काही भाग शेतकऱ्यांकडून वसूलही केला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने बांध बरोबर होते, पण ते खातेदारांच्या हद्दींशी जुळत नव्हते. एकाच्या शेतातून बांध तिरका जायचा, दुसऱ्याच्या शेतात पाणी तुंबायचे. अनेकांनी ते बांध नांगरून सपाट केले. बांध घालण्याची तरतूद होती, तो टिकवण्यात कोणाचा काय फायदा याचा विचार नव्हता.

पुढचा प्रयोग जास्त शहाणपणाचा होता. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवड योजना आली आणि कोकणच्या डोंगरउतारांवर आंबा-काजू चढले. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के अशा तीन वार्षिक हप्त्यांत मिळते आणि पुढचा हप्ता झाडे जगल्याच्या टक्केवारीवर अवलंबून असतो. म्हणजे ‘लावले’ आणि ‘जगले’ यांतला फरक सरकारला कळतो. मात्र हे कळणे तीन वर्षांत संपते. कलमी आंबा धड फळायला लागण्याच्या सुमारासच सरकारचे लक्ष उडालेले असते. ती बाग विकून प्लॉट पाडले तरी तिसरा हप्ता परत मागण्याचा प्रश्न उरत नाही.

बाकीच्या योजनांत तर हप्त्यांचीही भानगड नाही. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ५० हजार रुपयांपर्यंतचे अनुदान खड्ड्याला होते. पावसाचे पाणी साठवण्यासाठी खोदलेली अशी तळी नाशिक-नगरच्या फळबागांच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरली जाऊ लागली. पावसाचे पाणी साठवण्याच्या नावाने घेतलेला खड्डा भूजल उपसण्याचे साधन झाला. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी झाडे लावण्याची मोहीम झाली. त्यांतली जगली किती, हे शोधायला पुढे आमदारांची समिती नेमावी लागली. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे सहा हजार हे नियमित येतात, पण त्यांचा जमीन कशी राखली याच्याशी काहीही संबंध नाही. तो त्यांचा दोषही नाही, त्या उत्पन्नाला आधार देणाऱ्या योजना आहेत. त्यांना संवर्धनाच्या खात्यात मोजले की फसगत होते.

सरकार वस्तूचे पैसे देते, कारण वस्तू मोजता येते आणि मार्चअखेरीच्या आत तिचे बिल निघते. राखणीचे बिल दरवर्षी निघाले पाहिजे, आणि नेमके तेच होत नाही.

३. अनुदानाच्या जागी काठी

जिथे सरकारने पैसे दिले नाहीत, तिथे बंदी घातली. ठाणे जिल्ह्याला याचा अनुभव दांडगा आहे.

३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने खासगी मालकीची वने राज्याच्या ताब्यात गेली. लहान खातेदारांना बारा हेक्टरपर्यंत जमीन परत देण्याची सोय नंतर झाली. पण १९५० च्या दशकात निघालेल्या नोटिसांच्या आधारे कित्येक वर्षांनी सातबाऱ्यावर वनाची नोंद उमटली, तेव्हा गोंधळ उडाला. मुंबई-ठाण्यातली अनेक प्रकरणे न्यायालयात गेली आणि ‘गोदरेज’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ३० जानेवारी २०१४ रोजी लागला. त्याच्या बरोबरीने १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहेच. साग, खैर, ऐन, मोह, आंबा, जांभूळ अशी झाडे स्वतःच्या जमिनीतही परवान्याशिवाय तोडता येत नाहीत.

या कायद्यांनी बरीच झाडे वाचवली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जमीनधारकाने त्यांतून घेतलेला धडा वेगळाच होता: बांधावर खैराचे रोप आपोआप उगवले तर ते बोटभर असतानाच उपटावे, मोठे झाले की परवान्याच्या फेऱ्या आल्या.

खाडीकाठची कथा याहून बोलकी आहे. दिवा, डोंबिवली पश्चिम, भिवंडी या पट्ट्यात खारबंदिस्तीच्या आड पिढ्यान्‌पिढ्या भातशेती होत असे. बंधारे फुटले, खारे पाणी शिरले, शेतात कांदळवन उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडण्यास अंतरिम मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. जमीन कोणाच्याही मालकीची असो, कांदळवन असेल तर तिथे बांधकाम नाही. निकाल योग्यच होता. पण ज्या आगरी-कोळी कुटुंबाचे शेत गेले, त्याला कांदळवन सांभाळण्याचे वार्षिक मोल द्यावे हे कोणाच्या मनात आले नाही. २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेत खेकडेपालन, कालवेपालन यांना भरघोस अनुदान आहे, तेही वस्तूचेच. परिणामी खाडीकाठच्या जमिनीच्या मालकाला दोनच मार्ग दिसतात. गप्प बसावे, नाहीतर रात्री भराव टाकणाऱ्या डंपरकडे कानाडोळा करावा.

४. सातबारा हा चुकीचा पत्ता

आता समजा, उद्या सरकारने राखणीचे वार्षिक पैसे सुरू केले. ते कोणाला मिळतील? नेहमीप्रमाणे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला. आणि इथेच मुरबाड-शहापूरची गुंतागुंत सुरू होते.

या दोन तालुक्यांत गेल्या काही दशकांत फार्महाऊस, ‘सेकंड होम’ आणि गुंतवणुकीची शेतजमीन यांचा बाजार जोरात आहे. खातेदार ठाण्यात, डोंबिवलीत, मुलुंडला राहतो. शेत कुणी कुणबी, ठाकूर किंवा कातकरी कुटुंब तोंडी बोलीवर, अर्धेलीने किंवा खंडाने करते. वारसांची नावे लागून लागून एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदार झालेले असतात आणि त्यांतला एकच गावात राहून बांध सांभाळत असतो. ही वहिवाट कागदावर आणायला मालक धजावत नाही. कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन जमीनमालकांच्या आठवणीत अजून ताजा आहे. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले गेले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने तो मोठाच निर्णय होता. पण त्याचा आजचा परिणाम असा की नवा कसणारा कागदावर कधीच उमटत नाही.

मालकाला पैसे दिले की काय होते, याची उदाहरणे जगात कमी नाहीत. अमेरिकेत १९३३ मध्ये सरकारने कापसाखालची जमीन कमी करण्यासाठी शेतमालकांना पैसे दिले. दक्षिणेकडच्या अनेक जमीनदारांनी पैसे खिशात टाकले आणि वाटेकऱ्यांना हुसकावून लावले. १९३४ मध्ये आर्कान्सॉमध्ये या कुळांची आणि वाटेकऱ्यांची संघटना उभी राहिली, ती याच रागातून. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला, तेव्हा त्या देशाच्या संसदेने मृदसंधारणाच्या नावाने शेतकऱ्यांना पैसे देण्याचा नवा कायदा केला. भारतात तेलंगणाने २०१८ मध्ये ‘रयतु बंधू’ योजनेतून पट्टेदारांना एकरी रक्कम दिली. हैदराबादेत बसलेल्या मालकाला धनादेश मिळाला, त्याच्या शेतात राबणारे कूळ बाहेर राहिले.

ठाणे जिल्ह्यात हेच झाले तर फार्महाऊसच्या कुंपणाआडची हिरवळ सरकारी खर्चाने राखली जाईल आणि शेजारचा कातकरी पावसाळा संपताच वीटभट्टीवर जाईल.

यावर तोडगा निघू शकतो. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक-कसणाऱ्यांच्या हक्कांचा कायदा केला. त्यात अकरा महिन्यांच्या कराराने कसणाऱ्याला ओळखपत्र मिळते आणि मालकीहक्काला धक्का लागत नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. निती आयोगाने २०१६ मध्ये सुचवलेला आदर्श भाडेपट्टा कायदाही त्याच दिशेचा होता. महाराष्ट्राला संवर्धनाच्या करारापुरती अशी नोंद करता येईल: मालक आणि राखणारा दोघांच्या सह्या, पैशाचा मोठा वाटा राखणाऱ्याच्या खात्यात, आणि या नोंदीमुळे कूळहक्क निर्माण होत नाही अशी स्पष्ट तरतूद. कूळकायद्याच्या अभिमान्यांना ही तडजोड रुचणार नाही. पण कागदाबाहेर राहिलेल्या माणसाला आज यापेक्षाही कमी मिळते.

५. भावाचा प्रश्न

अनुदानाने जमीन वाचते, हे विधान जमिनीचा भाव विचारात न घेता करता येत नाही. २०२४-२५ च्या हंगामात साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३०० रुपये होती. हेक्टरी पंचवीस क्विंटल धरले तरी ढोबळ उत्पन्न साडेसत्तावन्न हजार. त्यातून बी, खत, लावणी-कापणीची मजुरी जाते. त्याच जमिनीचा भाव शीळ रस्त्याला, खोणीला, टिटवाळ्याला, बदलापूरच्या भोवती गुंठ्यावर बोलला जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. शहापूर, कल्याण आणि भिवंडीतून जाणाऱ्या या रस्त्यासाठी शेतकऱ्यांना जी रक्कम एकदाच मिळाली, तिच्यापुढे कोणतेही वार्षिक अनुदान चणेफुटाणे वाटेल.

म्हणून प्रामाणिकपणे मान्य करावे लागते: शहराला लागून असलेल्या कड्यात अनुदान हरणार. तिथे हत्यार दुसरे लागते. प्रादेशिक आराखड्यातला हरित विभाग, नदीची पूररेषा, आणि ती न हलवण्याची राजकीय इच्छा. हेक्टरी काही हजार देऊन तिथल्या बिल्डरशी स्पर्धा करणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पूर्वेकडे चित्र बदलते. टोकावडे, धसई, डोळखांब, किन्हवली या बाजूला शेत विकण्याचा मोह असला तरी खरा शत्रू पडीक जमीन आहे. तरुण कसारा लोकल पकडून कारखान्यांत किंवा भिवंडीच्या गोदामांत जातात. लावणीला माणसे मिळत नाहीत. खाचर एक वर्ष पड राहिले तर फारसे बिघडत नाही. चार पावसाळे पड राहिले की खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटतो आणि खालच्या खाचराचा बांधही घेऊन जातो. इथे हेक्टरी आठ-दहा हजारांची रक्कम ‘कसायचे की सोडायचे’ हा निर्णय फिरवू शकते. जी जमीन विकली जाण्याच्या बेतात आहे तिच्यावर पैसे ओतण्यापेक्षा जी सोडून दिली जाण्याच्या बेतात आहे तिच्यावर ते घालणे फायद्याचे आहे.

जपानने हाच विचार २००० सालापासून राबवला. डोंगराळ भागातल्या शेतीसाठी तिथले सरकार थेट रक्कम देते, पण ती गावाने मिळून केलेल्या पाच वर्षांच्या कराराला मिळते. पाट साफ करणे, बांध राखणे, पड पडू न देणे या अटी सगळ्यांनी मिळून पाळायच्या. ठाणे जिल्ह्याला हे परके नाही. खाचरांचे पाणी वरच्याकडून खालच्याकडे जाते, त्यामुळे एकट्याच्या बांधाला अर्थ नसतो हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळते.

६. पैसा कोठून यावा

आतापर्यंतच्या अनुदानांत पैसा राज्याच्या किंवा केंद्राच्या तिजोरीतून येतो. त्यामुळे तो दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या आणि निवडणुकीच्या हवेवर हलतो. संवर्धनाचा लाभ घेणारे मात्र ठरावीक आणि जवळचे आहेत: मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली यांचे नळधारक आणि औद्योगिक वसाहती.

न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये हाच हिशेब केला. कॅट्सकिल डोंगरातल्या पाणलोटातून येणारे पाणी गाळण्यासाठी अब्जावधी डॉलरचा प्रकल्प उभारण्याऐवजी त्या शहराने वरच्या भागातल्या शेतकऱ्यांना गोठे, नाले आणि नदीकाठ राखण्यासाठी पैसे द्यायचे ठरवले. पैसे शहराच्या पाणी बिलातून गेले. आपल्याकडेही हिमाचलमधल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये झऱ्याचे पाणलोट राखणाऱ्या बोहल गावाशी करार करून दरवर्षी रक्कम देण्याचे मान्य केले. रक्कम छोटी होती, पण तत्त्व पूर्ण होते.

मुंबईपुरता एक ढोबळ हिशेब करून पाहावा. शहराला दिवसाला सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. हजार लिटरमागे २५ पैसे ‘पाणलोट आकार’ लावला तर दिवसाला साडेनऊ लाखांवर, वर्षाला सुमारे ३५ कोटी रुपये होतात. गळती आणि चोरी वजा जाता वसुली कमी होईल, हे धरून चालू. तरीही हेक्टरी दहा हजारांनी वीस-पंचवीस हजार हेक्टर सांभाळता येतील. दिवसाला पाचशे लिटर वापरणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या बिलात यामुळे पावणेचार रुपयांची भर पडते. झोपडपट्टीतल्या सामायिक जोडण्यांना तेवढी सूट देणेही अवघड नाही.

देशाच्या पातळीवर हे तत्त्व आधीच मान्य झालेले आहे. राज्यांना केंद्रीय करांचा वाटा देताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला साडेसात टक्के आणि पंधराव्या आयोगाने वन व पर्यावरणाला दहा टक्के वजन दिले. उभे जंगल राखणे हा खर्च आहे आणि तो दरवर्षी भरून द्यायचा असतो, हे दिल्लीने राज्यांच्या बाबतीत मान्य केले. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनेही २०११ च्या अहवालात मातीत कर्ब साठवणाऱ्या शेतकऱ्यांना प्रोत्साहनपर मोबदला देण्याची शिफारस केली होती. त्या अहवालातल्या बंधनांवर महाराष्ट्रात वादंग झाले, पण मोबदल्याचे पान कोणी उघडून वाचले नाही.

७. आक्षेप आणि उत्तरे

*पहिला आक्षेप: बांध शेतकऱ्याच्याच फायद्याचा, त्याचे पैसे दुसऱ्याने का द्यावेत?* शेतकरी कसत असेपर्यंत हे खरे आहे. तो कसणे सोडतो तेव्हा त्याचे नुकसान थोडे असते, खालच्यांचे जास्त. शिवाय हाच न्याय लावायचा तर भातशाचे पाणी शहापूरने स्वतःच्याच फायद्यासाठी वापरावे असेही म्हणता येईल. ज्या तालुक्यात मुंबईचे जलाशय आहेत, त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

*दुसरा आक्षेप: पाणी जंगल देते, शेत नाही.* पाणलोटाचा मोठा भाग जंगल आहे हे खरे, आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावांनाही अशा करारात स्थान मिळायला हवे. पण जंगल सहजासहजी विकले जात नाही. विकली जाते किंवा पड पडते ती जंगल आणि नदी यांच्या मधली शेतजमीन. पैसा जिथे धोका आहे तिथे घालायचा असतो.

*तिसरा आक्षेप: यातही खाल्लेच जाईल.* शक्यता आहे. पण खड्ड्याचे बिल एकदा निघाले की तपासायला कोणी जात नाही. राखणीचे बिल दरवर्षी काढायचे असल्याने दरवर्षी तपासावे लागते. ऑगस्टमध्ये खाचरात पाणी उभे आहे की नाही, हे उपग्रहाच्या चित्रात दिसते. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो चढवतो. तीच सोय राखणाऱ्यालाही खुली करता येईल. करार गावाशी असला आणि एकाने पड टाकल्यावर सगळ्यांचा हप्ता अडत असला, तर खोटी नोंद करणाऱ्याला पहिला जाब शेजारीच विचारेल. मात्र यालाही मर्यादा आहे. गावातले दुबळे घर एखाद्या वर्षी आजारपणामुळे कसू शकले नाही तर त्याच्यावर दडपण येईल. त्यासाठी करारात सवलतीचे कलम हवेच.

*चौथा आक्षेप: पैसे थांबले की सगळे मूळपदावर.* हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने शेतजमीन दहा-पंधरा वर्षे विश्रांतीला ठेवण्याचे भाडे सुरू झाले. २००७ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर जमीन या करारांखाली होती. मक्याचे भाव चढले तेव्हा मुदत संपलेले करार शेतकऱ्यांनी पुन्हा केले नाहीत; २०१४ च्या कायद्याने तर कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणली. इंग्लंडमध्ये मार्च २०२५ मध्ये सरकारने शाश्वत शेतीच्या योजनेचे नवे अर्ज एका दिवसात बंद केले.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पाणी बिलाशी जोडलेला, फक्त याच कामासाठी राखलेला आकार अर्थमंत्र्याच्या मर्जीवरच्या तरतुदीपेक्षा टिकाऊ असतो. आणि हा करार जमीन कायमची वाचवत नाही, तो वेळ विकत घेतो. पाच-दहा वर्षांत आराखड्यातले हरित विभाग पक्के झाले, कसणाऱ्याची नोंद रुळली, भाताला नि वालाला ठाण्याच्या बाजारात बरा भाव मिळू लागला, तर तो वेळ सार्थकी लागला असे म्हणता येईल.

कोणत्या खात्यात

हे सुरू करण्यासाठी मोठ्या घोषणेची गरज नाही. बारवीच्या किंवा भातशाच्या पाणलोटातल्या मोजक्या गावांपासून आरंभ करता येईल. ग्रामसभेने खाचरांची आणि राखणाऱ्यांची यादी करायची, तालुका कृषी अधिकाऱ्याने ती तपासायची, महापालिकेने किंवा एमआयडीसीने पाच वर्षांचा करार करायचा आणि हप्ता थेट खात्यात भरायचा. पहिल्या करारांत चुका होतील. कोणती जमीन घ्यावी, हप्ता किती असावा, गैरहजर मालकाने सही नाकारली तर काय करावे, हे अनुभवानेच ठरेल.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवावी लागेल: महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली लिहायची. समाजकल्याणाखाली किंवा ग्रामीण साहाय्याखाली लिहिली, तर लेखाच्या सुरुवातीची दोन्ही मते तिथे हजर होतील, आणि काटकसरीच्या पहिल्या वर्षी तिच्यावर काट पडेल. तिची जागा पाणीपुरवठ्याच्या चालू खर्चात आहे: पंपांचे वीजबिल, जलवाहिन्यांची दुरुस्ती, क्लोरीन, आणि त्याच रांगेत धसई-डोळखांबच्या बांधांची राखण.